‘लाइफटाइम’ तेल आणि चोर्ल्याचा घाट

छोट्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सात ५-६ लिटर तेल असतं, मोठ्या एसयूव्हीत ९-१०. खालचा बोल्ट उघडला की त्यातलं जेमतेम निम्मं बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग), तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपात आणि क्लच पॅकमध्ये अडकून बसतं. त्यामुळे "डबे आठ आणले आणि चारच ओतले, उरलेले कुठं गेले?" या प्रश्नावरून गॅरेजमध्ये वाद होतो, आणि बऱ्याचदा मेकॅनिक खरं बोलत असतो. पण प्रकरण एवढ्या वादापर्यंत पोचलं तर गाडीचं नशीबच म्हणायचं. आपल्याकडे बेळगावपासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत सर्रास ऐकू येतं ते वेगळंच: "गाडी चालायलीय की साहेब, मग कशाला उघडायची?" त्यात शोरूमवाल्याने विकताना सांगितलेलं असतं की हे तेल लाइफटाइम आहे.

लाइफटाइम कुणाचा, ते सांगत नाहीत. जर्मनीतली झेडएफ ही कंपनी अनेक महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते. गाडी बनवणारे ज्याला लाइफटाइम म्हणतात त्याच गिअरबॉक्ससाठी ही कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं, यात जे आधी होईल तेव्हा तेल बदला म्हणते. तेही तिकडच्या रस्त्यांच्या हिशेबाने.

आधी गिअरबॉक्स ओळखा

ऑटोमॅटिक या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि चौघांचं तेल वेगळं.

मारुतीची एजीएस किंवा तत्सम एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिथे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड हे खास तेल, नसतंच. साधारण २ लिटर गिअर ऑइल असतं, आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक युनिटची छोटी टाकी वेगळी. क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, ब्रेझाची ६-स्पीड, डिझेल क्रेटा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि खरं एटीएफ तिथेच लागतं. सिटी, अमेझ, टर्बो मॅग्नाइट यांच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी असते, म्हणजे पोलादी पट्टा आणि दोन पुली. तिचं तेल निराळ्या जातीचं. आणि डीएसजी-डीसीटी म्हणजे दोन क्लचचे गिअरबॉक्स. त्यातही ओला क्लच आणि कोरडा क्लच असे दोन भाग पडतात. कोरड्या क्लचच्या ७-स्पीड डीएसजीमध्ये गिअरचं तेल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे क्लच-गिअर हलवणाऱ्या युनिटचं, वेगळं. ओल्या क्लचच्या ६-स्पीड डीएसजीला दर ६०,००० किमीला तेल बदलायला कंपनीच सांगते, आणि तिथे चालढकल अजिबात चालत नाही, कारण दोन्ही क्लच त्याच तेलात बुडालेले असतात.

इथून पुढचं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरबद्दल आहे. सीव्हीटीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

हे तेल करतं काय

इंजिन ऑइलचं काम सरळ असतं: घसरू द्यायचं. एटीएफला एकाच वेळी उलटसुलट कामं करावी लागतात. बेअरिंग आणि गिअरमध्ये घसरू द्यायचं, क्लच प्लेटमध्ये मात्र ठरावीक इतकंच घसरू देऊन मग पकडू द्यायचं. शिवाय पंपाने दाब दिला की व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांतून जाऊन गिअर बदलायचं, कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढे न्यायची, उष्णता कूलरपर्यंत वाहून न्यायची आणि रबरी सील मऊ ठेवायचे. म्हणून याला मी वंगण म्हणायला तयार नाही. हा गिअरबॉक्सचा एक पार्टच आहे, आणि क्लच प्लेटसारखाच तो झिजतो.

त्यातली क्लचची पकड सांभाळणारी रसायनं, म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर, सगळ्यात आधी खलास होतात. या रसायनांचा इतिहास मजेशीर आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये टाइप-ए हे एटीएफचं मानक आणलं तेव्हा त्यात हे काम स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल करायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेलवाल्यांना पर्यायी रसायनं शोधावी लागली. आज प्रत्येक कंपनीचं तेल वेगळं असण्यामागे मुख्य कारण ही रसायनंच आहेत. तेल किती पातळ हा नंतरचा मुद्दा.

आपल्या रस्त्यांवर ते लवकर का मरतं

एटीएफला मारते ती उष्णता. नेहमीच्या चालण्यात ते ८० ते ९५ अंशांवर असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. १२० अंशांच्या वर जायला लागलं की ऑक्सिडेशन झपाट्याने वाढतं. ढोबळ हिशेब असा की तापमान दर १० अंशांनी चढलं की तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. खराब झालेलं तेल व्हॉल्व्हवर तपकिरी वार्निश चढवतं, सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) अडकायला लागतात आणि सील कडक होतात.

आता ही उष्णता येते कुठून ते बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनकडचा पंखा आणि गिअरबॉक्सकडचा पंखा यांच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. गाडीने वेग घेतला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधतो आणि ही घसरण थांबते. पण त्यासाठी गाडी मोकळी पळायला हवी. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगामात संकेश्वर, गोकाक, अथणी, रायबागच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे १५ च्या स्पीडने रांगताना लॉक-अप लागतच नाही. कन्व्हर्टर सतत घसरत राहतो, आणि समोरून वारा नसल्याने कूलरही थंड होत नाही. गोव्यातल्या साखळीकडून चोर्ला घाट चढताना किंवा मोलेहून अनमोड घाट चढताना तेच, वर भार जास्त. आंबोली आणि तिलारीचे चढही त्याच पंक्तीतले. हायवेवरच्या वंटमुरी आणि तवंदी घाटांचा त्रास मात्र फारसा नाही, तिथे गाडी वेगात निघून जाते.

गाडीबरोबर मिळणाऱ्या मॅन्युअल पुस्तिकेच्या शेवटी "सिव्हिअर कंडिशन" नावाचा बारीक अक्षरातला तक्ता असतो. त्यात घाट, धूळ, रांगती वाहतूक, जड भार, कमी अंतराच्या फेऱ्या असं लिहिलेलं असतं. खानापूर-जांबोटीचा माणूस दर आठवड्याला गोव्याला जात असेल, किंवा बेळगावात रोज टिळकवाडी ते खडेबाजार एवढीच गाडी फिरवत असेल, तर तो तक्ता आपल्यासाठीच आहे असं समजावं. माझा हिशेब: टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी, दोघांनाही ४०,००० किमी किंवा ४ वर्षं. मॅन्युअलमध्ये याहून कमी आकडा असेल तर तो धरा. निव्वळ हायवेवर पळणाऱ्या गाडीला ६०,००० पर्यंत थांबता येतं.

कोणतं तेल

गॅरेजमध्ये कपाटात लाल तेलाचा एक डबा कायम असतो. कुणी त्याला टीक्यू म्हणतं, कुणी पॉवर स्टिअरिंग ऑइल. ते बहुधा डेक्स्रॉन-३ या जनरल मोटर्सच्या जुन्या मानकाच्या दर्जाचं असतं. जुन्या ४-स्पीडच्या काही गाड्यांना आणि पॉवर स्टिअरिंगला ते चालतं, बाकी बहुतेकांना नाही. लाल रंग नुसता ओळखीसाठी घातलेला असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. काही सीव्हीटी तेलं हिरवी-पिवळी असतात आणि डीएसजीचं मधाच्या रंगाचं.

टोयोटाच्या नव्या गिअरबॉक्सना डब्ल्यूएस नावाचं तेल लागतं, जुन्यांना टी-फोर, आणि ही दोन एकमेकांत मिसळायची नाहीत. डब्ल्यूएस बरंच पातळ आहे. ह्युंदाई-कियाच्या ६-स्पीडला एसपी-फोर, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीला एनएस-३. सीव्हीटीत चुकीचं तेल म्हणजे सरळ नुकसान. तिथे पोलादी पट्ट्याने पोलादी पुलीला पकडायचं असतं, म्हणजे धातूवर धातूचं घर्षण टिकवणारं तेल हवं. साधं एटीएफ घातलं की पट्टा घसरतो, पुलीवर चरे पडतात, आणि पुन्हा बरोबर तेल घातलं तरी चरे जात नाहीत.

"सगळ्याला चालतं" असं लिहिलेली बाहेरची तेलं काही चांगली असतात. पण डब्यामागे आपल्या मानकाचं नाव छापलेलं असेल तरच घ्या. तेल सीलबंद घ्यायचं, पक्क्या बिलावर. सुटं तेल कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

बदलायचं कसं

सामान: तेल मॅन्युअलमध्ये ड्रेन-फिलसाठी (खालून काढून वरून भरण्यासाठी) दिलंय त्याहून १ लिटर जास्त; ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर; पॅन खोलणार असाल तर पॅनची गॅस्केट आणि फिल्टर; हातपंप किंवा लांब नळीचं नरसाळं; मिलीच्या खुणा असलेलं भांडं; गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा स्कॅनर. वॉशरबद्दल एक: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सांगाल ते लेथवर काढून देणारे कारागीर आहेत, पण हा वॉशर दाबला की चपटा होऊन सील करणारा मऊ ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो. कडक धातूचा बसवला की ठिबकतो, मग कोणीतरी बोल्ट आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात. काही रुपयांचा कंपनीचा वॉशर आणावा.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये पाय ठेवताच बघावी: हात पुसायचं कॉटन वेस्ट. इंजिनच्या कामात ते चालून जातं. इथे त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत गेला तर सोलेनॉइड अडकतो. धागे न सुटणारं कापड वापरायला सांगा, आणि मेकॅनिकने तोंड वाकडं केलं तर करू दे.

गाडी सपाट जागी, चारही चाकं एका पातळीत. पुढची चाकं जॅकवर आणि मागची जमिनीवर असं केलं की पातळीचा सगळा हिशेब चुकतो. तेल कोमट असावं, ४०-५० अंश. घाट उतरून आल्या आल्या बोल्ट खोलला तर हात भाजेल.

मग सगळ्यात आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करायचा. खालचा नाही! भरायचा बोल्ट बरीच वर्षं हात न लागल्याने अडकलेला असतो. आधी खालचं तेल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट उघडलाच नाही, तर गाडी तिथेच बसते, स्टार्टसुद्धा करता येत नाही.

आता खालचा बोल्ट. इथे एक खोड आहे. ऐसिन या जपानी कंपनीच्या अनेक ६-स्पीड गिअरबॉक्समध्ये आणि ओल्या क्लचच्या डीएसजीमध्ये खालच्या बोल्टच्या आत, त्याच भोकात, एक पोकळ नळी उभी असते. बाहेरचा बोल्ट काढला की पातळीच्या वरचं पाव-अर्धा लिटर गळतं आणि धार थांबते. नवखा मेकॅनिक समजतो तेल संपलं, बोल्ट लावतो आणि वरून अर्धा लिटर ओतून बिल करतो. ती नळी ॲलन कीने फिरवून काढली की खरी धार सुटते. तेल किती निघालं याकडे लक्ष ठेवा: ३ ते ४ लिटरच्या आसपास निघालं तर काम नीट चाललंय, अर्धा लिटरवर थांबलं तर नळी आतच आहे.

निघालेलं तेल गटारात जाऊ न देता खुणांच्या भांड्यात जमा करा आणि मोजा. जितकं निघालं तितकंच आत जाणार, हा पहिला हिशेब. नंतर पातळी तपासायची आहेच.

पॅन खोलला तर आतले चुंबक बघा. त्यांवर राखाडी रंगाचा मऊ लगदा असणं नेहमीचं आहे, बोटाने पुसला की निघतो. बोटाला टोचणारे चकाकते कण किंवा तुकडे सापडले तर आत काहीतरी तुटतंय, आणि नवीन तेल घालून ते जुळणार नाही. काळा भुगा म्हणजे क्लचच्या कागदी अस्तराचा चुरा. चुंबक पुसून जागच्या जागी ठेवायचे, विसरायचे नाहीत. पॅनचे बोल्ट बहुतेक ६ मिमीचे असतात आणि त्यांना ७ ते १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण लागतो, म्हणजे छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने, समोरासमोरचे असे थोडे थोडे. लांब पाना लावून आवळले की पॅनची कड वाकते आणि मग कुठलीही गॅस्केट टिकत नाही. सगळ्या गिअरबॉक्सना खालून निघणारा पॅन-फिल्टर नसतो. काहींचा फिल्टर आत असतो आणि गिअरबॉक्स फोडल्याशिवाय निघत नाही. तिथे नुसतं तेल बदलायचं.

पातळी, म्हणजे जिथे बहुतेक काम बिघडतं

एटीएफ तापल्यावर फुगतं. ८ लिटर तेल ४० अंशांवरून ९० वर गेलं की साधारण ३०० मिलीने वाढतं. म्हणून कोणत्या तापमानाला पातळी बघितली हे ठाऊक नसेल तर ती बघितलीच नाही असं धरा.

डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत: १०-१५ किमी चालवून गाडी गरम करायची, सपाट जागी उभी, इंजिन चालू, ब्रेकवर पाय ठेवून पी-आर-एन-डी असं प्रत्येक ठिकाणी काही सेकंद लिव्हर फिरवून पुन्हा पी मध्ये, आणि मग डिपस्टिकच्या हॉट खुणांमध्ये. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं.

नव्या गाड्यांत डिपस्टिक नाही. तेल भरून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर फिरवून, तेल ठरावीक तापमानाला आलं की खालचा तपासणीचा बोल्ट काढायचा. धार संपून थेंब-थेंब पडायला लागलं की पातळी बरोबर, लगेच बोल्ट लावायचा. काहीच पडत नसेल तर कमी आहे. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये हा तापमानाचा पट्टा ३५ ते ४५ अंशांचा आहे, झेडएफच्या अनेकांत ३० ते ५०. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

इथे आपल्याकडची अडचण येते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बेळगावात ३६-३७ अंश असतं आणि गॅरेजच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. गाडी नुसती उभी असतानाच तेल त्या तापमानाच्या पट्ट्याच्या मधोमध आलेलं असतं. इंजिन सुरू करून लिव्हर फिरवेपर्यंत ते ४५ ओलांडतं, फुगलेलं तेल बाहेर पडतं आणि मेकॅनिकला वाटतं पातळी बरोबर झाली. प्रत्यक्षात गाडी कमी तेलावर निघते. उन्हाळ्यात हे काम सकाळी ७ वाजता, गाडी रात्रभर उभी असताना करायचं. गॅरेज १० शिवाय उघडत नसेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथेच सोडा.

तेल कमी पडलं की घाटात चढावर किंवा वळणावर ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. डी टाकल्यावर गाडी थबकून मग झटका देऊन निघते, ती यामुळेच. जास्त झालं तर फिरणारे भाग त्यात बुडून फेस होतो, आणि फेस झालेलं तेल दाब देत नाही. शिवाय जास्तीचं ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) बाहेर पडून सगळीकडे पसरतं. थोडं जास्त असलेलं बरं, हा इंजिन ऑइलचा समज इथे लागू नाही.

एकदाच सगळं, की थोडं थोडं

८ लिटरच्या गिअरबॉक्समधून ४ लिटर बदललं की निम्मं तेल नवीन. ५००-१,००० किमी चालवून पुन्हा ४ लिटर बदललं की पाऊण, तिसऱ्यांदा बदललं की साडेसत्याऐंशी टक्के. १ लाखावर गेलेल्या आणि कधीच तेल न बदललेल्या गाडीला मी हाच रस्ता सांगेन. तेल जास्त लागतं, वेळ जातो, पण गाडीवर एकदम ताण येत नाही.

मशीन लावून दाबाने केलेल्या फ्लशबद्दल मतं दोन्हीकडची आहेत. नियमित तेल बदललेल्या गाडीला फ्लश केला तर हरकत नाही. पण वर्षानुवर्षांचा गाळ बसलेल्या गिअरबॉक्समध्ये दाबाने तेल घुसवलं की तो गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत जाऊ शकतो. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" ही गोष्ट मात्र बहुतेक वेळा उलटी असते: क्लच आधीच घसरत होते, म्हणूनच कोणीतरी तेल बदलायला निघालं. आणि आत रॉकेल किंवा डिझेल घालून "धुवून" देतो म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा. ते पूर्ण बाहेर निघत नाही. उरलेलं नव्या तेलात मिसळून ते पातळ करतं आणि सीलही खराब करतं.

बदलल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने ॲडॅप्टेशन, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने जुन्या तेलाशी जुळवून घेतलेले आकडे, रीसेट करावं लागतं. नाही केलं तर गिअर काही दिवस अडखळत पडतात.

लक्षणं

सपाट हायवेवर ६०-८० च्या स्पीडला, ॲक्सिलरेटर हलका धरला असताना रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का? मागे कुणी नाही हे बघून, ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत त्याने लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अप क्लचचा, आणि लवकर पकडला तर नुसतं तेल बदलून बऱ्याचदा जातो. चाकाचं बॅलन्सिंग किंवा इंजिन माउंटिंग असेल तर ब्रेकच्या स्पर्शाने फरक पडत नाही. आधी ही चाचणी करा, मग टायरवाल्याकडे जा.

एन मधून डी टाकल्यावर गाडी पकडायला एक-दीड सेकंदाहून जास्त वेळ घेत असेल, किंवा गरम झाल्यावर गिअर बदलताना आरपीएम मध्येच उसळी मारत असेल, तर आत दाब कमी पडतोय. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बघायची रीत चांगली आहे: ताजं तेल मोठं आणि एकसारखं पसरतं, मेलेल्याच्या मध्ये काळा डाग राहतो. नुसतं गडद झालं म्हणून घाबरू नका. करपट वास आला तर मात्र थांबू नका.

पाणी

बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालायची सवय आपल्याकडे गावोगावी आहे. त्या क्षारांनी आतला कूलर गंजतो आणि एक दिवस कूलंट एटीएफमध्ये शिरतं. तेल गुलाबी दुधाळ दिसलं तर तोच प्रकार. क्लचची अस्तरं कागदी असतात आणि गोंदाने चिकटवलेली असतात. पाणी लागलं की ती सुटतात. अशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवायची नाही. ५-६ वर्षं झालेल्या गाडीत तयार कूलंट आणि धड रेडिएटर ठेवणं हाही एटीएफच्याच देखभालीचा भाग.

दुसरं पाणी पुराचं. २०१९ आणि २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, आणि कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात ओढ्यांना एका रात्रीत पाणी चढतं. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गाडी काढली असेल तर चार थेंब तेल काढून बघा. शंका असेल तर उघड्या जागी, डोळे सांभाळून, तापलेल्या जुन्या पळीवर दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे.

चालवताना

घाट उतरताना डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरू नका. मॅन्युअल मोडमध्ये २ किंवा ३, नाहीतर एल. न्यूट्रलमध्ये उतरवणं तर डिझेल वाचवायच्या नावाखाली केलेला घाटा: इंजिन आयडलवर असतं, पंप कमी फिरतो, गाडी मात्र पळत असते. चढावर अडकलं तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक धरा. उतारावर पार्क करताना आधी ब्रेक, मग एन, हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, आणि मग पी. नाहीतर सगळा भार आतल्या एका छोट्या खुंटीवर येतो.

गाडी घाटात बंद पडली तर ट्रॅक्टरला दोरी बांधून बेळगावपर्यंत ओढून आणायची नाही. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरली की आतले भाग कोरडे फिरतात. इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं उचललेली असली पाहिजेत. पूर्ण गाडी वर घेणारी फ्लॅटबेड मिळाली तर सगळ्यात उत्तम.

जुनी गाडी घेताना

गोवा-पुण्याहून आलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे बऱ्याच विकल्या जातात. इंजिन ऑइलच्या पावत्या सगळे दाखवतात. तुम्ही एटीएफची मागा, आणि तीवर तेलाचं नाव व लिटर दोन्ही लिहिलेलं बघा. नसेल तर गाडी थंड असताना जाऊन स्टार्ट करा, आर आणि डी दोन्ही टाकून पकडायला किती वेळ लागतो ते मोजा. मग २०-२५ मिनिटं चालवून, गरम झाल्यावर, तेच पुन्हा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर उशीर असेल तर किंमत गिअरबॉक्सच्या दुरुस्तीइतकी, म्हणजे लाखाच्या घरात, खाली आणा किंवा सोडून द्या. पावती नाही पण गाडी ठीक चालते, असं असेल तर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात तेल बदला, आणि बदलल्याची तारीख, किमी, तेलाचं नाव आणि किती लिटर बसलं हे बॉनेटखाली चिकटवून ठेवा.